रिकाम्या जागेतला आकडा

शनिवार-रविवार शेअर बाजार बंद, आणि हेरंबला कामाची हुक्की नेमकी तेव्हाच यायची. दांडिया बाजारातल्या आपल्या फ्लॅटमध्ये बसून तो एका दलालपेढीसाठी भावांचे अंदाज बांधणारे प्रोग्राम लिहायचा. नवा प्रोग्राम तपासायला हलते आकडे हवेत. सुट्टीत आणायचे कुठून? मग त्याने वडिलांच्या मनगटावरचा नाडी मोजणारा पट्टाच संगणकाला जोडून टाकला.

संपतराव रिफायनरीतून निवृत्त झालेले. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यापासून सुनेने, भक्तीने, तो पट्टा त्यांच्या हातात अडकवला होता. त्यांना या उद्योगाची गंमत वाटली. जाता-येता ते विचारायचे, "काय रे, माझा भाव काय चाललाय?"

अंदाज बरोबर येऊ लागले. फारच बरोबर. या धंद्यात असं झालं की माणूस खूश होत नाही, स्वतःची चूक शोधतो. कुठूनतरी उद्याचा आकडा आजमध्ये घुसलेला असतो. हेरंबने ओळ न् ओळ पालथी घातली. काही सापडलं नाही. सोमवारी लिफ्ट बिघडली, कमाटीबागेतून फिरून आलेले संपतराव जिना चढून धापा टाकत आले, आणि नाडीची ती सगळी चढण पडद्यावर रविवारीच काढलेली होती.

त्याने प्रोग्रामला आणखी पुढचं विचारलं. मंगळवारी दुपारपर्यंत रेघ नेहमीसारखी वरखाली होत होती. पुढे सरळ. चौऱ्याहत्तर, चौऱ्याहत्तर, चौऱ्याहत्तर.

आकडा आला नाही तर रिकाम्या जागी आधीचाच भरायचा, हा नियम त्यानेच लिहिला होता. सगळेच लिहितात, व्यवहार झाला नाही तर कालचा भाव आज धरतात, म्हणजे माळ तुटत नाही. त्या सरळ रेघेचा अर्थ एकच होता. मंगळवारी दुपारनंतर आकडा येणार नव्हता.

मंगळवारी सकाळीच तो वडिलांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. सगळं ठीक निघालं. उगाच म्हाताऱ्या माणसाला घाबरवता, असं डॉक्टरांनी हेरंबलाच सुनावलं. घरी येऊन जेवणं झाली. सकाळच्या घाईत राहिलेली दाढी उरकून संपतराव वर्तमानपत्र उघडून खुर्चीत बसले, हेरंब त्यांच्यासमोर.

"पंखा धीमा कर रे, छापुं उडतंय," ते म्हणाले.

हेरंबने पंखा बंदच केला. दुपार सरली. काहीच झालं नाही. त्याला रडू येईल इतकं हायसं वाटलं, आणि त्याच आनंदात त्याने पडद्याकडे पाहिलं.

चौऱ्याहत्तर. चौऱ्याहत्तर.

पट्टा सैल झाला असेल म्हणून त्याने वडिलांचा हात हातात घेतला. हात उबदार होता. त्याने बोटांनी नाडी चाचपली. मग दुसऱ्या हाताची. मग मानेजवळ. ठोका कुठेच लागेना.

संपतरावांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"पंखा धीमा कर रे, छापुं उडतंय."

पंखा केव्हाच थांबला होता.

डॉक्टरांना फोन करता आला असता. तो नियमही पुसता आला असता. एका ओळीचं काम. पण मग त्या जागी काय उरलं असतं? हेरंबला वडील हवे होते. त्याने दोन्हींतलं काही केलं नाही. संगणक मात्र वीज गेली तरी बंद पडू नये, याची सोय केली.

बाबा हल्ली फार बोलत नाहीत, असं भक्ती म्हणायची. तेच जुनं छापुं घेऊन बसतात, म्हणायची. औषधांमुळे असेल, असं हेरंब सांगायचा.

एका सकाळी ती टॉवेल हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिचा आवाज अगदी खाली आला होता.

"बाबांनी त्या मंगळवारनंतर दाढीच केलेली नाही," ती म्हणाली. "त्यांच्या गालाला हात लावून बघ."

हेरंबने लावला. गाल गुळगुळीत होता, आणि त्यावर साबणाचा ओलावा अजून वाळायचा होता.