लाइन बंद हाय का?

लासुर्ण्यात एका 'लाइन' शब्दावर सगळ्यांचं भागतं. वीज गेली तरी लाइन गेली, फोन मुका झाला तरी लाइन गेली. शेतातला पाइप फुटला तर लाइन फुटली, आणि कारखान्यावर उसाच्या गाड्या खोळंबल्या की लाइन लागली.

मुक्ताबाईचा नवरा सोपान विजेच्या लाइनवरचा वायरमन. डीपीचा फ्यूज काढून तो खालच्या माणसाच्या हातात द्यायचा, खांबावर चढायचा आणि वरून हाळी घालायचा, "लाइन बंद हाय का?" "बंद हाय" ऐकल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही. तो उतरेपर्यंत खालच्यानं फ्यूज सोडायचा नाही.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात तो तारेलाच चिकटून गेला. खाली बागायतदार हिंदुराव होते. त्यांचा ऊस वाळत होता, मोटर चालू व्हायला हवी होती. चौकशीत ते म्हणाले, "सोपाननं फ्यूज काढलाच न्हाय. इचारलंबी न्हाय."

"खोटं!" मुक्ताबाई भर चावडीत ओरडली. "इचारल्याबिगर ते कधी तारंला शिवलं न्हाईत."

हिंदुरावांपुढं वायरमनच्या बायकोला कोण विचारतो!

दिवाळीनंतर फोनच्या बूथवर ते पहिल्यांदा ऐकू आलं. बारामतीला फोन लावला की आधी खरखर, मग सोपानचा आवाज, "लाइन बंद हाय का?" बूथवाल्यानं तार बदलून घेतली. मग शेतातल्या पाइपातून पाण्याआधी तोच प्रश्न आला. मग कारखान्यासमोर मागच्या गाडीवानानं पुढच्याला विचारलं, त्यानं त्याच्या पुढच्याला. पहिल्यांदा कुणी विचारलं, ते कुणालाच सांगता येईना. सगळ्यात पुढं ट्रॅक्टरवर हिंदुराव बसले होते.

गावानं हाय खाल्ली. शेजारची आक्काबाई म्हणाली, "मुक्ते, तूच म्हण बंद हाय. सुटंल बिचारा."

"मी न्हाय म्हणायची. फ्यूज माझ्या हातात नव्हता."

शेवटी एका दुपारी हिंदुराव स्वतः दारात आले. डोळे खोल गेलेले. "मुक्ताबाई, डोळ्याला डोळा न्हाय."

"मग चला खांबाखाली."

गाव गोळा झालं. तिनं स्वतः फ्यूज काढून त्यांच्या मुठीत कोंबला.

"त्यानं इचारलं हुतं," हिंदुराव पुटपुटले. "मी बंद हाय म्हणालो. आन् मग फ्यूज लावला."

मुक्ताबाईनं पदर खोचला. "समद्यांनी ऐकलं. आता वर सांगा."

"बंद हाय!"

वारा नव्हता. तारेवरच्या साळुंक्या एकदम उडाल्या.

तार हळूहळू लवली, माणसाच्या वजनानं लवावी तेवढी.

"मूठ सोडायची न्हाय," मुक्ताबाई म्हणाली. "ते उतरस्तवर."

दिवस कलला. माणसं पांगली. हिंदुराव मूठ आवळून उभेच होते.

तार अजून लवलेलीच होती.