पोपटांच्या चोची

मे महिन्याची सुट्टी लागली होती, तरी शालन, तिचा धाकटा भाऊ निवृत्ती आणि मैत्रीण हिरी मळवलीच्या घरातल्या ओसरीवर तोंडं पाडून बसली होती. शालनची आई रतनबाई लोणावळ्याच्या एका कारखान्यासाठी प्लॅस्टिकच्या पोपटांचे सुटे भाग घरी रंगवायची. पोकळ चोच करवंदीच्या काट्यावर खोचायची, लाल रंगाचा पातळ हात द्यायचा, तो वाळला की दुसरा. पण या खेपेला रंग नखानं सालासारखा निघत होता. सुपरवायझर हौशीराम म्हणाला होता, रतनबाईचे हातच मळके; सोमवारपासून काम बंद.

"ह्या सात चोचींचा रंग न्हाई निघत," नखानं खरवडून बघत हिरी म्हणाली.

सातच का? निवृत्तीनं मान खाली घालून कबूल केलं, की रंगवण्याआधी त्या त्याच्या हातून शेणात पडल्या होत्या आणि त्यानं गुपचूप रिठ्याच्या पाण्यात धुतल्या होत्या.

"रिठ्यानं तेल जातं," हिरी पुटपुटली. शालन ताडकन उठली.

तिघांनी वीस चोची धुऊन रंगवल्या, वीस तशाच. दुसऱ्या दिवशी धुतलेल्यांचा रंग नखाला दाद देईना. म्हणजे चोची कारखान्यातूनच तेलकट येत होत्या. पण हौशीराम ते कबूल कसं करणार?

शनिवारी तिघं लोणावळ्याला पोचली. शालननं हौशीरामपुढे कोरा कागद धरला आणि म्हणाली, "भाऊ, रंगवायला बाहेर पाठवता त्यातल्या मूठभर चोची द्या ना." त्यानं स्वतःच्या हातानं त्या कागदावर ओतल्या. थोड्या वेळानं मालक बाहेर आले, तेव्हा तिनं चोची काढून कागद उन्हाकडे धरला. भज्यांच्या पुडीसारखे तेलाचे डाग लख्ख दिसत होते.

चोची चिकटू नयेत म्हणून साच्याला तेल लावत. नंतर त्या सोड्याच्या पाण्यात धुवायच्या असत. ते काम हौशीरामनं कंटाळून बंद केलं होतं. त्यानं खाली पाहत तसं सांगितलं. मालकांनी तिघांची पाठ थोपटली आणि चुकीबद्दल रतनबाईंची माफी मागणारी चिठ्ठी दिली. काम चालू राहणार होतं.

संध्याकाळी निवृत्तीला शेणाबद्दल एक धपाटा मिळाला, मग गुळाचा मोठा खडा. पोपटाचे डोळे रतनबाई आजवर कुणाला काढू देत नसे. तिनं बारीक ब्रश आधी हिरीच्या हाती दिला.

"शाबास गं पोरी. आता श्वास धर आन् ठिपका टेकव. हात हलला, तर चकणा व्हईल."

पहिला पोपट चकणाच झाला. सगळ्यात जास्त रतनबाईच हसली.