वीतभर कवडसा

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण सिरसाळ्याजवळच्या त्या विहिरीवर जे घडलं, ते निवृत्तीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. तेही भर दिवसा, दुपारी चारच्या उन्हात.

साल त्र्याहत्तर. दुष्काळाने माणसं करपली होती. सोसायटीची विहीर ऐंशी फूट खोल गेली, तरी थेंब नाही.

तळाला काळोख. म्हणून निवृत्ती काठावर वीतभर आरसा धरून ऊन आत सोडायचा. खाली खणणारा धाकटा भाऊ बन्सी कवडशावर पंजा पसरून माप ओरडायचा. हिशेब सोपा होता. खोल जाईल तसा कवडसा पसरतो. काठाशी एक वीत, चाळीस फुटांवर दीड, तळाला दोन.

“दादा, दोन वीत! लई खोल आलो की!”

त्या दिवशी बन्सी खडकातल्या खाचांवर पाय ठेवत वर येत होता. तेवढ्यात चेअरमन अर्जुनराव आले.

निवृत्तीने सवयीने दोन्ही हात जोडले.

आरसा फिरला.

“दादा, उजेड...”

मग धप्प.

देह काढला, माती दिली. काम बंद पडलं. आरशाचं निवृत्ती कुणालाच बोलला नाही. पण आई, जाईबाई, रोज एकच म्हणायची, “माजा बन्सी अंधारात हाय. त्याला उजेड दाव, वर आण.”

मेलेलं माणूस कुठं वर येतं? तरी आठव्या दिवशी निवृत्ती आरसा घेऊन गेला.

विहिरीत एरवी पारवं घुमायची; त्या दिवशी एकही नव्हतं.

कवडसा तळाला पडला. आणि त्यात... पसरलेल्या पंजाची काळी सावली.

“दोन वीत.”

 निवृत्तीने आरसा हलू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी आवाज जवळून आला.

“दीड वीत.”

बन्सी चढत होता!

निवृत्ती रडत घरी आला. “आई, येतोय त्यो.” जाईबाईने बन्सीच्या वाटची भाकरी थापली. निवृत्तीला वाटलं, आपलं पाप फिटणार. वेड्याची आशा, दुसरं काय!

तिसऱ्या दिवशी...

“सव्वा वीत. थोडंच राह्यलंय, दादा. हात हलवू नको.”

खाचांवर पाय घासत होते. श्वास मात्र ऐकू येत नव्हता.

मग काठाच्या अगदी खाली, उजेडात, एक पंजा आला. त्याला नखं नव्हती.

“एक वीत.”

निवृत्तीच्या हातून आरसा सुटला.

“दादा, उजेड...”

या वेळी कुणी चेअरमन आले नव्हते.

निवृत्ती कान देऊन उभा राहिला. धप्प आवाज आलाच नाही.

घरी जाईबाई भाकरी झाकून बसली होती. “आला का?”

“न्हाई, आई. मीच सोडलं त्याला. दोनदा.”

आज निवृत्ती म्हातारा झालाय. घरात आरसा नाही. पत्र्याच्या भोकातून कवडसा पडला, की तो पाय आखडून घेतो. तो धप्प आवाज अजून आलेला नाही.