उत्तर न सांगणाऱ्या बाई

आभाळ अगदी स्वच्छ होतं, तरी नव्या गणिताच्या सरांच्या डोक्यावर पाण्याची धार लागली.

बिचारे शाळेत रुजू व्हायला आले होते. पहिलाच दिवस, कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत कागदपत्रांची पिशवी... आणि ऑफिस कुठे आहे हे शिपाईकाकांना विचारायला थांबले ते नेमके वरच्या मजल्यावरून लोंबणाऱ्या एका नळीखाली!

तसेच निथळत ते जिना चढून गेले. वऱ्हांड्यात सहावीचा अख्खा वर्ग एका बादलीभोवती गोळा झाला होता आणि मधोमध, ओढणी कमरेला बांधून, विज्ञानाच्या बाई उकिडव्या बसल्या होत्या.

"इथे नळ फुटलाय का?" सरांनी विचारलं.

"नाही हो, सायफन चाललाय," मान वर न करता बाई म्हणाल्या. "आज पहिल्यांदाच धड चाललाय. बादली रिकामी होईपर्यंत जरा दम धरा."

"ती माझ्यावर रिकामी होतेय."

तेव्हा कुठे बाईंनी वर पाहिलं. केसांतून पाणी गळतंय, चष्म्यावर थेंबच थेंब, आणि माणूस रागावायचं सोडून नळीकडे टक लावून बघतोय. बाईंना हसू आवरेना. पोरं तर केव्हाच खिदळायला लागली होती.

"नळीचं हे टोक पाण्याबाहेर काढलं तर धार थांबेल?" सरांनी विचारलं.

"करून बघा की."

त्यांनी केलं. धार थांबली. सर असे काही खूश झाले, की भिजल्याचं विसरूनच गेले. बाईंना हा माणूस तिथेच थोडासा आवडला, पण तसं त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही. सांगणं हे बाईंच्या स्वभावातच नव्हतं. त्यांच्या वर्गात एकच कायदा होता — उत्तर बाई सांगणार नाहीत. मोडा, जोडा, सांडा, भिजा, पण उत्तर तुमचं तुम्ही शोधा. पोरं कावायची, पालक कुरकुरायचे, पण एकदा सापडलेलं उत्तर पोरं विसरत नसत, हेही खरं.

सर मात्र खडू-फळ्याचे. शाळेच्या गणिताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या आणि त्या परत येईपर्यंतच सरांची नेमणूक होती. थोड्याच दिवसांत ते पडेल चेहऱ्याने प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले.

"लांबी गुणिले रुंदी पोरं घडाघडा म्हणतात, बाई. पण एक चौरस मीटर म्हणजे केवढा, विचारलं की माझ्या तोंडाकडे बघत बसतात."

"मग काय केलंत?"

"फळ्यावर काढून दाखवला."

"मावला?"

"नाही... जरा छोटा काढला."

"छोटा चौरस मीटर!" बाई खळखळून हसल्या. "वा, सर!"

"हसू नका. काय करू ते सांगा."

"मी उत्तर सांगत नसते."

"मुलांना नसाल सांगत. मी मोठा आहे."

"उंचीने," बाई म्हणाल्या. "उद्या शाळा सुटल्यावर रद्दी आणि खळ घेऊन या, बघू."

दुसऱ्या दिवशी दोघं रिकाम्या वर्गात फरशीवर बसून वर्तमानपत्रं चिकटवू लागले. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, असे चांगले ढीगभर चौरस करायचे होते. सरांचे दोन्ही हात कोपरापर्यंत खळीने माखले आणि चष्मा घसरत घसरत नाकाच्या शेंड्यावर आला.

"बाई... चष्मा..."

बाईंनी हाताच्या मागच्या बाजूने तो अलगद वर सरकवला. एवढंच. पण त्यानंतर बाईंनी कापलेला एकही कागद सरळ आला नाही.

पुढच्या तासाला पोरांनी त्या चौरसांनी अख्खा वर्ग झाकला. एका चौरसात किती जण उभे राहू शकतात यावरून इतकी रेटारेटी झाली, की मुख्याध्यापिका आपल्या खुर्चीवरून उठून आल्या. सर घामाघूम होते आणि मजेत होते. मग रोजच काहीतरी निघू लागलं. काठीच्या सावलीवरून इमारतीची उंची काढणं, बाटल्यांच्या झाकणांभोवती दोरा गुंडाळणं... शाळा सुटल्यावर दोघांचा पाय काही लवकर निघत नसे. डबे वाटून खाल्ले जात होते, शिक्षकांच्या खोलीत खाकरणं सुरू झालं होतं. लपवायचं काही उरलं नव्हतं. फक्त बोलायचं तेवढं राहिलं होतं.

आणि मग रजेवरच्या बाई परत येणार असल्याची बातमी आली.

"दुसऱ्या गावातल्या शाळेत कायमची जागा मिळतेय," सर म्हणाले. बाई नळाखाली काचेची भांडी धूत होत्या. "शनिवारपर्यंत होकार कळवायचाय. इथे थांबलो तर पुन्हा शोधाशोध... तुम्हाला काय वाटतं, बाई? जाऊ?"

'नका जाऊ' अगदी बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण सवय कुठे जाते? सांगितलेलं उत्तर आपलं नसतं. याचं यानेच शोधलं, तरच ते खरं! त्या अर्थपूर्ण हसल्या — म्हणजे त्यांना तसं वाटलं — आणि म्हणाल्या, "ते तुमचं तुम्हीच शोधा."

सर थोडा वेळ उभे राहिले. चष्मा पुसला. "बरं," म्हणाले आणि गेले.

आता कमाल बघा, बाई खूश! वर्गात पोर असं गप्प झालं की उत्तर जवळ आलं, हा त्यांचा अनुभव. त्या दिवशी त्या गुणगुणत घरी गेल्या.

सोमवारी शिक्षकांच्या खोलीत सगळे सरांचं अभिनंदन करत होते. सरांनी होकार कळवला होता.

घरी येऊन बाईंनी वहिनीसमोर रडून घेतलं. "खुणा दिल्या होत्या गं मी त्यांना!"

"कसल्या खुणा?"

"मी रोज थांबायचे. डबा द्यायचे. एकदा चष्मासुद्धा वर केला."

"चष्मा!" वहिनीने कपाळाला हात लावला. "अगं, त्यांनी तोंड उघडून विचारलं, आणि तू म्हणालीस तुमचं तुम्ही बघा. कुणालाही वाटेल, हिला आपलं काही घेणंदेणं नाही. वर्गात पोराचं चुकलं तर पुन्हा करता येतं. हा माणूस गाडीत बसला की संपलं सगळं. जा आणि सांगून टाक!"

सरांचा शेवटचा दिवस. मैदानावर ते पोरांकडून भलंमोठं वर्तुळ काढून घेत होते. दोराचं एक टोक धरून सर मधोमध उभे, दुसरं टोक धरून दोन वेण्यांची एक मुलगी पांढरी फक्की टाकत गोल फिरत होती. बाई तरातरा आल्या आणि तिच्या हातातला दोर आणि फक्कीचा डबा त्यांनी घेतला.

"दोर ताणून धरा हं, बाई!" सर लांबून ओरडले. "नाहीतर वाकडं येईल!"

"मला बोलायचंय!"

"मग इकडे या!"

"दोर ढिला पडेल!"

"मग तिथूनच बोला!"

बाई फक्की टाकत चालू लागल्या. त्यांच्याबरोबर सरांनाही जागच्या जागी फिरावं लागत होतं.

"तुम्ही जाऊ का विचारलंत ना... तेव्हा मी चुकले!"

"काय? मोठ्याने!"

"जाऊ नका म्हणायचं होतं मला!"

सगळ्या वर्गाच्या माना बाईंकडे वळल्या.

"का?" सरांनी विचारलं.

"हे आता या सगळ्यांसमोर सांगू?"

"सांगाच. मला खुणा कळत नाहीत, बाई. कितीदा पडताळून पाहिल्या, दर वेळी उत्तर वेगळंच आलं."

"मला तुम्ही आवडता म्हणून! झालं समाधान?"

दोर ढिला पडला, तोही सरांच्याच बाजूने. "सर, दोर! दोर!" पोरं ओरडली, पण सर मध्यबिंदू सोडून सरळ चालत आले होते.

"मी होकार देऊन बसलोय," ते हळूच म्हणाले.

"माहितेय. नोकरीवर जाच. फक्त मला सोडून जाऊ नका. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"हे मला कसं सुचलं नाही?"

"मला तरी कुठे सुचलं होतं?"

"मग आता मी काय करू?"

आणि बाईंनी सांगितलं, एका दमात सगळंच सांगितलं. "रविवारी सकाळी घरी या. आधी बाबांशी बोला. ते भुवया चढवतील, घाबरू नका, चेहराच तसा आहे. वहिनी फिरकी घेईल, घेऊ द्या. आई विचारेल, आमची पोर तिकडे जाऊन करणार काय, तर सांगा..."

"काय सांगू?"

"सांगा, पुढच्या वर्षी त्याच शाळेत विज्ञानाची जागा निघतेय. मी सकाळीच फोन करून विचारलंय."

सरांनी बाईंचा फक्कीने पांढराफटक झालेला हात सगळ्यांदेखत धरला, आणि दोन वेण्यांची मुलगी कमरेवर हात ठेवून ठणकावून म्हणाली, "बाई, वर्तुळ अजून अर्धंच झालंय."