सदोबाचा अर्धा वळसा

आमच्या सदोबाची एक खोड मला कधीच पटली नाही. काहीही सांगा, हा "होय आक्का" म्हणतो आणि कामाला लागतो. का, कशासाठी, किती, असलं काही विचारायचं नावच नाही. शेजारणी म्हणतात, रोबो असावा तर असा. मग खुशाल घेऊन जा म्हणावं.

त्या सकाळची गोष्ट ऐका, पोरांनो. मधमाश्यांच्या वीस पेट्या दारं बंद करून आम्ही जीपच्या ट्रॉलीत चढवल्या होत्या. आठ वाजता शेजारच्या करडईवर फवारणीचे ड्रोन यायचे होते. त्याआधी माश्यांना डोंगरापलीकडच्या सूर्यफुलांत पोहोचवायचं होतं. तिकडे चार्जिंगचा खांब अजून गेलेला नाही, म्हणून सगळे हसले तरी ही इंजिनाची जुनी जीप मी मोडीत काढली नाही. पेट्या उघडल्या तर माश्या औषधाने मरणार, बंद ठेवल्या तर उन्हात गुदमरणार. आणि जीप सुरूच होईना.

आदल्या दिवशी चालत होती, फक्त टकटक वाजत होती. मी सदोबाला म्हटलं होतं, वरचे नट ढिले झाले असतील, आवळ जरा. त्याने उजाडताच झाकण काढून आठही नट आवळले. टकटक गेली आणि इंजिनही गेलं.

माझी नात शाल्वी, वय वर्षं बारा, बॉनेटवर चढून बसली. तिला कोडं पडलं, ढिलं होतं तेव्हा चालत होतं, मग घट्ट केल्यावर बंद कसं पडलं? तिने सदोबाला विचारलं. तर काय, इंजिनाचं अख्खं पुस्तक त्याच्या पोटात होतं! कोणी विचारलं नाही म्हणून मिटलेलं.

त्याने सांगितलं ते असं. इंजिनात व्हॉल्व्ह (वायू आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) असतात. खाली कॅम (उंचवटे असलेला दांडा) फिरतो. उंचवटा आला की तो लिफ्टरला (झडप उचलून देणाऱ्या डबीला) वर ढकलतो. लिफ्टर उभ्या सळईला ढकलतो, सळई वरच्या आडव्या दांडीला, आणि दांडीचं दुसरं टोक झडप उघडतं. या साखळीत फट राहिली की धातूवर धातू आपटतो, तीच टकटक. फट ठेवलीच नाही तर इंजिन तापून धातू फुगतो आणि झडप नीट मिटत नाही.

"मग करायचं काय?" शाल्वी म्हणाली.

सदोबा म्हणाला, त्यासाठी हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) लिफ्टर. डबीत एक दट्ट्या, त्याच्याखाली स्प्रिंग आणि तेल. फट पडली की स्प्रिंग दट्ट्याला वर सारते, खालच्या जागेत तेल शिरतं आणि कोंडलं जातं. कोंडलेलं तेल दगडासारखं कसं होतं, ते शाल्वीने मला दाखवलं. माश्यांना पाक घालायची पिचकारी तिने भरली, तोंडावर अंगठा दाबला आणि म्हणाली, दाब आता. दट्ट्या हलला नाही. नुसती हवा भरून दिली, तेव्हा हलला.

वरचा नट आवळावा तशी आडवी दांडी खाली येते आणि सळईतून दट्ट्याला खाली दाबते. तो मधोमध बसला तर त्याला वरही जागा, खालीही जागा. मी सदोबाला विचारलं, किती आवळलेस?

"बरणीच्या झाकणाइतके, आक्का."

मधाला दमट हवा लागू नये म्हणून झाकण करकचून लावायचं, हे त्याला मीच शिकवलं होतं. त्याने दट्टे पार तळाला दाबले होते. झडपा अर्धवट उघड्या राहिल्या, मग इंजिनात दाब यायचा कसा?

सात वाजले होते. पेट्यांच्या जाळीशी माश्यांचं घोंगावणं वाढत चाललं. मी पेट्यांवर ओली गोणपाटं टाकली आणि आम्ही लागलो. सदोबाने इंजिन हाताने फिरवून एकेका भांड्याच्या (सिलिंडरच्या) दोन्ही झडपा मिटण्याच्या जागी आणल्या. नट ढिले केले, दट्टे वर यायला थोडा वेळ दिला. मग तो नट हळूहळू आवळणार आणि मी सळई चिमटीत धरून वर-खाली हलवत, फिरवत राहणार. हलायची थांबली की मी म्हणायचं, पुरे. ती खूण त्याच्या लोखंडी बोटांना कळत नव्हती. तिथून पुढे दट्ट्या मधोमध यावा म्हणून अर्धा वळसा मात्र त्याने असा मोजून दिला की मला जन्मात जमला नसता.

साडेसातला शाल्वीने चावी फिरवली. इंजिन धडधडलं. आणि पुन्हा टकटक!

मी पाना घ्यायला सांगणार, तोच सदोबा पहिल्यांदाच मध्ये बोलला. म्हणाला, "आक्का, थांबा. डब्यांत तेल भरू द्या."

आम्ही कान देऊन उभे राहिलो. टकटक विरळ झाली, एकाच ठिकाणी उरली, मग तीही गेली. नुसती गुरगुर राहिली. मी बॉनेट बंद केलं.

ड्रोन दिसायच्या आत आम्ही डोंगर ओलांडला. सूर्यफुलांत पेट्यांची दारं उघडली, माश्या भसाभस बाहेर पडल्या. शाल्वी वहीत सदोबासाठी स्पर्श कळणारी बोटं काढत बसली होती. करेल ती.

मी सदोबाला समोर उभं केलं आणि सांगितलं, "होय म्हणणारे माझ्या घरात पुष्कळ आहेत. तू मला अडवत जा. मी चिडेन, ओरडेन, तरी अडवायचंस."

एरवी लगेच होय म्हणणाऱ्याने उलट विचारलं, "किती वेळा, आक्का?"

"आता कुठे तू कामाचा झालास," मी म्हटलं.