पहिला भाग जिथं थांबतो

जिन्याच्या वळणावर कुणीतरी कुणाला तरी मारत होतं.

फटके ओले होते, जड होते, आणि दोन फटक्यांच्या मध्ये क्षणभर विचार केल्यासारखी शांतता होती. हातातला चहा सांभाळत ती वर आली. पाहते तर भिंतीशी एक शिडशिडीत माणूस उभा, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, हातात पीळ दिलेला ओला टॉवेल. त्यानं तो पुन्हा एकदा स्वतःच्याच मांडीवर हाणला, डोळे मिटून ऐकला आणि नापसंतीनं मान हलवली.

"एवढा राग कुणावर काढताय?" तिनं विचारलं.

"खलनायिकेच्या माणसांवर." तो दचकलाही नाही. "पण फटका अंगाला लागल्यासारखा वाटत नाही. धुणं धुतल्यासारखं वाटतंय."

"मांडी लाल होईल."

"झालीय. पण दाखवून सहानुभूती मिळवता येईल अशी जागा नाही ती."

ती हसू दाबत चहाकडे बघत राहिली. त्यानंच विचारलं, "खालच्या खोलीतली कात्री म्हणजे तुम्हीच ना?"

"आणि तुम्ही ठोक्या."

"बघा, एकाच सिनेमावर काम करतो आपण, आणि ओळख होते जिन्यात."

त्या इमारतीत खऱ्या नावानं कुणी कुणाला हाक मारत नसे. ती सिनेमा कापायची, जोडायची, म्हणून कात्री. तो सिनेमातल्या ठोशांना, पावलांना, पडणाऱ्या भांड्यांना आवाज द्यायचा, म्हणून ठोक्या. आणि ज्या सिनेमावर दोघं काम करत होते, तो तिच्या बाबांचा होता.

बाबा आयुष्यभर लढायला शिकवत आले. आधी चटया अंथरलेल्या एका हॉलमध्ये, मग दुसऱ्यांच्या सिनेमांतल्या नटनट्यांना. उतारवयात त्यांनी स्वतःचा एकच सिनेमा केला. एकाच गुरूच्या हाताखाली वाढलेल्या दोघीजणी. एक नदीवरची वाट राखते, दुसरी ती वाट बळकावायला माणसं घेऊन येते. चित्रीकरण संपलं, आणि संकलन सुरू व्हायच्या आत बाबा गेले. मागे राहिला चार तासांचा सिनेमा आणि तो जोडायला त्यांची मुलगी.

"पोरी, चार तास कुणी खुर्चीत बसत नाही," पैसे घालणारे काका म्हणाले होते. ते बाबांचे जुने दोस्त. "माझी पाठ तर दोन तासांतच बोंब मारते. दोन भाग करू. पहिला आता लावू, दुसरा पावसाळा उलटल्यावर. पहिला कुठं थांबवायचा ते तू ठरव. पण या आठवड्यात ठरव. नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी बसवावं लागेल तिथं, आणि ते माझ्या जिवावर येईल."

ती रोज नवी जागा शोधायची. पुलावरच्या लढाईनंतर थांबवून बघितला, जाळपोळीनंतर बघितला. कुठंही थांबवा, कुणीतरी बोलता बोलता उठून गेल्यासारखं वाटायचं. आणखी एक गोष्ट होती, ती तिनं काकांना सांगितली नव्हती. सिनेमा कुठंही तोडला तरी दिवे लागल्यावर लोक म्हणणार, संपला. एका वर्षात हा शब्द दुसऱ्यांदा ऐकायची तिची तयारी नव्हती.

जिन्यातल्या भेटीनंतर ठोक्या काही ना काही विचारायला खाली येऊ लागला. नायिकेच्या पायात चामड्याच्या चपला की लाकडी? घोडा थकलेला की ताजातवाना? यातलं निम्मं त्याला पडद्यावर दिसत होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मग एकदा त्यानं तिलाच वर बोलावलं. "पाऊस पाडायचाय. हात कमी पडतात."

बाहेर लख्ख ऊन होतं. आत जाड पडदे, अंधुक पिवळा दिवा, खडी आणि वाळूनं भरलेले लाकडी ट्रे. एका ताणलेल्या कापडावर त्यानं तिला मूठभर तांदूळ हळूहळू सोडायला सांगितलं. ती सोडू लागली, आणि अंधारात कुठंतरी दूर पाऊस लागला... तो उघडी छत्री फिरवत तिच्या जवळून गेला तेव्हा तो पाऊस जवळ आला. तिला वाटलं, आता केस ओले होतील.

"भरभर नको," तो कुजबुजला. "हा घाईतला पाऊस नाही. याला कुठं जायचं नाहीये."

मूठ रिकामी झाली तरी तिनं हात तसाच धरला होता.

"एक विचारू?" दिवा मोठा करत तो म्हणाला. "रागावणार नसाल तर."

"विचारा. रागावले तर टॉवेल कुठं आहे ते माहीत आहे मला."

"तुमच्या मारामाऱ्यांत कुणी श्वास सोडत नाही."

"श्वास?" तिनं विचारलं.

"म्हणजे... फटका बसतो, आणि तुम्ही लगेच दुसरीकडे जाता. मारणारा माणूस त्यानंतर श्वास सोडतो, जरा सैल होतो. तेवढं तुम्ही ठेवतच नाही. एकदाही नाही. जणू दारावर थाप पडणार आहे आणि तुम्हाला दार उघडायचं नाहीये." तो घुटमळला. "तुम्ही आवाज बंद करून कापता का?"

तिनं कापडावरचे तांदूळ एकेक करून वेचले. मग म्हणाली, "हो."

"पहिल्यापासून?"

"प्रत्येक दृश्याच्या शेवटी बाबा 'थांबा' म्हणतात. मला ते... त्यांनी म्हणायच्या आत मी निघून जाते."

त्यानं समजूत घातली नाही. तिच्यासमोर जमिनीवर बसून तोही तांदूळ वेचू लागला. "मी रोज ऐकतो त्यांना. मूळ आवाज सगळा माझ्याकडेच येतो. कधी भेटलो नाही, पण ओळखतो. लढाई मनासारखी झाली की 'थांबा' जरा लांबवतात. फसली की तोडून टाकतात. आणि नदीच्या दृश्यांत त्यांना सर्दी झाली होती."

"सर्वांबरोबर पाण्यात उभे राहायचे." तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांपुढचा दिवा पसरला. "आई फोनवरून ओरडायची."

"एक ऐकवू? एकच. नको म्हणालात की बंद."

"आज नको," ती म्हणाली आणि खाली निघून गेली.

घरी ती आईला म्हणाली, "तुला बाबांचा आवाज ऐकावासा वाटतो?"

आई कपड्यांच्या घड्या करत होती. "लढाईतला नाही. सकाळी उठल्या उठल्या 'चहा टाकतेस का' म्हणायचे, तो कुणी भरून ठेवला असता तर ऐकला असता." तिनं एक घडी मोडून पुन्हा घातली. "तू ऐक. पण एकटी नको ऐकूस."

"मग कुणाबरोबर?"

"तो टॉवेलवाला आहे ना. रोज त्याचंच तर सांगत असतेस."

"रोज कुठं सांगते?"

"काल नाही सांगितलंस. काल सुट्टी होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वर गेली तेव्हा ठोक्या खडी चाळत होता. "ऐकव," ती दारातूनच म्हणाली. आपण त्याला अरेतुरे केलं हे तिच्या लक्षात आलं नाही. त्याच्या आलं.

हेडफोन एकच होता. दोघं खडीच्या ट्रेच्या कडेला खांद्याला खांदा लावून बसले, एक कान तिचा, एक त्याचा. त्यानं गिरणीच्या अंगणातली लढाई निवडली होती. सिनेमाच्या साधारण मध्यावरची. दोघीजणी लाठ्या घेऊन लढतात आणि शेवटी दोन्ही लाठ्या मोडतात. तिथंच, लाकूड मोडताक्षणी, तिनं दृश्य कापलं होतं.

लाकूड मोडलं. तिनं डोळे मिटले. आता म्हणतील...

बाबा काही म्हणाले नाहीत.

दोघींच्या धापा ऐकू येत राहिल्या. मग पावलं, थकलेली. कुणीतरी पायरीवर बसलं. थोड्या वेळानं दुसरीही शेजारी बसली. असं बसायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दूर एक पक्षी ओरडला. दोन निराळ्या धापा हळूहळू निवत गेल्या आणि एका लयीत आल्या. तेव्हा अगदी हलक्या आवाजात, बहुधा कॅमेरावाल्याला, बाबा म्हणाले, "राहू दे... चालू राहू दे."

'थांबा' आलं ते खूप उशिरा. आणि ते लांबवलेलं होतं.

ती रडली, आवाज न करता. ठोक्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. हेडफोनची वायर तिच्या मानेला ओढत होती, ती तेवढी सैल केली.

"इथं," ती म्हणाली. "पहिला भाग इथं थांबेल. दोघी एका पायरीवर बसल्यात, आणि उठल्यावर काय करतील हे कुणाला माहीत नाही. त्यांनाही नाही."

"त्यांचं 'राहू दे' मात्र मला काढावं लागेल."

"काढ. लोकांना त्या दोघींचा श्वास पुरे." तिनं ओढणीनं डोळे पुसले. "काढताना मी इथं बसले तर चालेल?"

"बस," तो म्हणाला.

त्यानंतर तिनं सगळ्या मारामाऱ्या आवाज लावून पुन्हा कापल्या. प्रत्येकीला थोडा थोडा श्वास परत मिळाला. काकांनी पहिला भाग पाहिला, दिवे लागल्यावरही पाठ धरून बसून राहिले. "एवढा वेळ नुसत्याच बसल्यात दोघी," ते कुरकुरले. मग चष्मा पुसत म्हणाले, "तो असाच होता. बसलेल्या माणसाला कधी उठवायचा नाही. कर पक्का."

पहिला भाग पूर्ण झाला त्या दुपारी ती वर गेली, तर ठोक्या सामान बांधत होता. दुसऱ्या गावात कुणाच्या तरी सिनेमाला पावलं हवी होती. तिनं खोक्याची एक बाजू धरली. दोघं सांभाळून जिना उतरू लागले.

"दुसऱ्या भागाला येशील ना?" तिनं विचारलं.

"काकांनी विचारलं नाहीये अजून."

"मी विचारतेय."

"मारामाऱ्या किती आहेत त्यात?"

"एकच. बाकी दोघी चालतात खूप. आणि बोलतात."

"मग येईन." त्यानं खोक्यावरची पकड बदलली. "पण पावसाळा मोठा असतो... मध्ये काय करायचं?"

दोघं रस्त्यावर आले. मग ती म्हणाली, "आईनं जेवायला बोलावलंय. म्हणते, ज्याच्याबद्दल एवढं ऐकलं, त्याला एकदा बघू तरी."

"काय म्हणून येऊ? आवाजवाला म्हणून?"

"नाही," ती म्हणाली. मान खाली घालावीशी वाटली, पण तिनं घातली नाही. "माझा म्हणून ये."

त्यानं खोकं खाली ठेवलं. रस्त्यावर सायकलींच्या घंट्या वाजत होत्या, समोरचा दुकानदार शटर वर ढकलत होता, कुणीतरी कुणाला नाव घेऊन हाका मारत होतं. आवाजाच्या त्या माणसानं यातलं काहीच ऐकलं नाही.