चौसष्ट किलोबाइटचं दार

“तुम्ही गप्प बसून माझ्या भावाला मारताय!”

चंद्रावरच्या खाणवस्तीतून कुंदा थोरातनं पृथ्वीवरच्या मुख्यालयाला तिसऱ्या अर्जासोबत एवढंच लिहिलं. दवाखान्यातल्या पडद्यामागे संपत थोरात घरघरत होता. चंद्राच्या धुळीनं त्याची छाती भरली होती. रुग्णयानासाठी तीन अर्ज गेले, पण उत्तर एकाचंही नाही.

“नाही म्हणायलाही तोंड उघडत नाहीत,” डॉक्टर मुलाणी चरफडले.

“नकार निघालाय, डॉक्टर. वाटेत मेलाय.” संदेशयंत्रणा सांभाळणाऱ्या कुंदाला आज कुठे घोळ सापडला होता. “मुख्यालयाचा महासंगणक जुनाट. आपलं जाळं आणि तो, यांच्यामध्ये संदेशद्वार आहे. ते चौसष्ट किलोबाइटपेक्षा मोठं काही सोडत नाही. तुम्ही अर्जाला जोडलेलं दादाच्या छातीचं चित्र केवढं?”

“त्याच्या शेकडो पट.”

“द्वार ते नाकारतं. वर आपला अख्खा संदेश नकाराला जोडतं. मग नकारच मूळ संदेशाहून मोठा! तो त्याच दारात अडकतो. नकाराला पुन्हा नकार पाठवत बसलं तर चक्र थांबणारच नाही, म्हणून द्वार तो पुसून टाकतं.”

“मग तुकडे करून पाठवा!”

“तुकडे जोडायची अक्कल महासंगणकाला नाही. त्याला प्रत्येक तुकडा म्हणजे नवा, अर्धवट अर्ज.”

पडद्यामागून खोकत आवाज आला, “कुंदे, मलाच दाबून बसव की त्या दारात.”

“गप पड, दादा!” ती ओरडली आणि डोळे पुसले.

तिनं चित्र बारीक करून, चौसष्टच्या आत बसवून धाडलं. या वेळी लगेच उत्तर आलं: ‘चित्र अस्पष्ट. आजार सिद्ध होत नाही. यान नामंजूर.’

स्पष्ट चित्र दारातून जात नव्हतं आणि दारातून जाणारं चित्र त्यांना चालत नव्हतं. डॉक्टरांनी भिंतीवर मूठ आपटली. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

संपत गेला.

मृत्यूच्या नोंदीला चित्र लागत नाही. नाव, हुद्दा, कारण, डॉक्टरांची सही. इवलासा संदेश दारातून सुळकन गेला. उत्तरही तसंच आलं:

‘नोंद झाली. शव नेण्यासाठी यान निघालं आहे.’

कुंदानं ते वाचलं. डॉक्टरांना वाचून दाखवलं. मग पडद्याकडे पाठ करून लिहायला बसली:

“यान होतं! तो श्वास घेत होता तेव्हा का नाही निघालं? चौसष्ट किलोबाइटमध्ये बसेल एवढंच सांगा. पण उत्तर द्या.”